मयताच्या पायात पट्टा

आमच्या नगरपालिकेचे एक ठेकेदार आहेत. गटारं, गाळ, दिवाबत्ती, मंडप, काहीही. सगळं गाव त्यांना शेठच म्हणतं. शेठ सध्या इंग्रजांवर नाराज आहेत. जाताना ते आपल्याला सगळं शिकवून गेले असं वाटत होतं. पण खरी विद्या त्यांनी मायदेशासाठी राखून ठेवली, असं शेठचं म्हणणं.

निमित्त झालं पट्ट्यांचं. ब्रिटनमध्ये जामिनावर किंवा मुदतीआधी सुटलेल्यांच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधतात. ठरल्या वेळी माणूस घरात नसला की कंट्रोल रूमला कळतं. हे काम 2005 पासून जी-फोर-एस आणि सर्को या दोन कंपन्यांकडे होतं. 2013 मध्ये बिलं तपासली, तर पट्टेवाल्यांमध्ये पुन्हा तुरुंगात गेलेले निघाले, देश सोडून गेलेले निघाले, आणि काही तर चक्क मेलेले निघाले. न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी हे भर संसदेत सांगितलं.

शेठ हळहळले. "रोजगार हमीच्या मस्टरवर आमच्याकडेही मयत माणसं खडी फोडायची. पण त्याला अंगठा लागायचा हो! कोणाचा तरी जिवंत अंगठा शोधून आणावा लागायचा. यांना तोही खर्च नाही."

पुढे सर्कोने 6 कोटी 85 लाख पौंड परत केले, जी-फोर-एसने सुमारे 10 कोटी 90 लाख. हे मात्र शेठना अजिबात आवडलं नाही. एकदा निघालेलं बिल परत करायचं, म्हणजे उद्या इथेही तसाच पायंडा पडायचा.

मग मी त्यांना 2012 च्या लंडन ऑलिंपिकचं सांगितलं. जी-फोर-एसने 10,400 सुरक्षारक्षक पुरवायचे होते. उद्घाटनाला दोन आठवडे उरले असताना कंपनी म्हणाली, माणसं काही पुरी पडत नाहीत. सरकारने घाईघाईने 3,500 जवान आणखी बोलावले. कंपनीचे प्रमुख निक बकल्स खासदारांच्या समितीसमोर आले, नाचक्की झाल्याचं कबूल केलं, आणि तरीही 5 कोटी 70 लाख पौंडांचं व्यवस्थापन शुल्क आम्ही घेणारच म्हणाले. शेठनी उभं राहून लंडनच्या दिशेने हात जोडले. (दिशा चुकली होती. तिकडे तहसील कचेरी आहे.)

बर्मिंगहॅमचा तुरुंग 1849 चा. 2011 मध्ये तोही जी-फोर-एसकडे गेला. चालू सरकारी तुरुंग खासगी कंपनीला देण्याची ब्रिटनमधली ती पहिलीच खेप. 2018 मध्ये मुख्य निरीक्षक पीटर क्लार्क तिथे गेले, तर उंदीर, झुरळं, रक्ताचे आणि ओकारीचे डाग, नशेच्या धुराचा वास. कर्मचारी कार्यालयाला आतून कुलूप लावून बसलेले. कैदी मोकळे आणि पहारेकरी कोंडलेले. तपासणी चालू असतानाच कर्मचाऱ्यांच्या, म्हणे बंदोबस्तातल्या, वाहनतळावर गाड्या पेटवल्या गेल्या. शेवटी त्याच ऑगस्टमध्ये सरकारने तुरुंग ताब्यात घेतला. एवढं होईपर्यंत सरकार काय करत होतं, असं कोणी विचारेल. सरकार करारावर देखरेख करत होतं.

स्पर्धेला शेवटी लष्कर आलं, तुरुंगात शेवटी सरकारी अधिकारी आले. म्हणजे काम सरकारनेच करायचं. मध्ये फक्त एक बिल जास्तीचं.

ग्रेलिंगसाहेब नंतर वाहतूकमंत्री झाले. ब्रेक्झिटच्या धास्तीने 2018 च्या डिसेंबरात त्यांच्या खात्याने 1 कोटी 38 लाख पौंडांचं फेरीबोटींचं कंत्राट दिलं ते सीबोर्न फ्रेट या कंपनीला. कंपनीकडे एकही जहाज नव्हतं. वेबसाइटवरच्या अटी-शर्ती घरपोच जेवण पुरवणाऱ्याच्या वाटाव्यात अशा होत्या. ही कंपनी शेठना अगदी घरची वाटली. "त्यात काय? जेसीबी नसताना मी दोन तलावांचा गाळ काढलाय."

आपलं सरकारही मागे नव्हतं. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींना अतिकुशलपासून अकुशलपर्यंत सगळी माणसं पुरवायला नेमलं. पोरं रस्त्यावर उतरली. 20 ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीसांनी निर्णय रद्द केला आणि हे पाप आधीच्या सरकारचं असल्याचं सांगितलं. शेठ खट्टू झाले. माणसं एजन्सीची, पगार सरकारचा, पाप मागच्यांचं. सगळंच आधी वाटून झालेलं. लहान ठेकेदाराने भरायचं काय?

परवा त्यांना शेवटची बातमी दिली. मधली काही वर्षं ते पट्ट्यांचं काम कॅपिटा कंपनीकडे होतं. 2024 च्या मे महिन्यात ते पुन्हा सर्कोकडे आलं, आणि पट्टे पुरवणार जी-फोर-एस. मला वाटलं, आता तरी शेठ चकित होतील.

"यात नवल काय?" चष्मा पुसत ते म्हणाले. "टेंडरमध्ये अटच असते, तशाच कामाचा अनुभव पाहिजे. त्यांना जिवंत आणि मयत, दोन्हीचा आहे."