मॅनलिफ्ट घेताना: चंद्रपूर-गडचिरोलीच्या नवशिक्यांसाठी

पहिली सूचना. विक्रेत्याला ‘किती मीटर वर जाते?’ असं विचारू नका. तो खूश होतो आणि माहितीपत्रक उघडून बसतो. मॅनलिफ्ट, म्हणजे माणसाला बास्केटमध्ये उभं करून वर नेणारं मशीन, उंचीवर विकली जाते, फसते मात्र जमिनीवर. पहिला पाऊस पडून गेल्यावर राजुऱ्याच्या काळ्या मातीत सिझर लिफ्ट उभी करा आणि बटण दाबा. वर जाणारच नाही. बिघाड काही नसतो. चाकं थोडी रुतलेली असतात, सांगाडा कललेला असतो आणि सेन्सरला ते कळलेलं असतं. मग एखादा हुशार गडी सेन्सरची वायर काढतो आणि म्हणतो, ‘होऊन जाते जी, साहेब.’ हे वाक्य कानावर पडलं की बास्केटमधून उतरा.

माल कुठून घ्यावा? जग मोठं आहे. जिनी कंपनी 1966 पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली, जेएलजी 1969 पासून पेन्सिल्व्हेनियातली, हॉलोट फ्रान्सची, डिंगली नि सिनोबूम चीनच्या. जानेवारी 2025 मध्ये युरोपीय संघाने अशा चिनी मशीनवर अँटी-डंपिंग शुल्क बसवलं. ब्रसेल्सच्या कागदाशी गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याला काय देणंघेणं, असं म्हणाल. पण एका दारात अडलेला माल दुसऱ्या दारी जातोच. भाव पाडताना ही बातमी सहज बोलल्यासारखी टाका. चहा तरी चांगला मिळतो.

जुनं मशीन घ्यायचं असेल तर रंगाकडे बघूच नका, रंग कालच मारलेला असतो. अवर मीटरवरही विसंबू नका. जॉयस्टिकची मूठ आणि पायाच्या पेडलचं रबर बघा. दोन्ही गुळगुळीत झालेली आणि मीटर मात्र आठशे तास दाखवतंय, तर दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते तुम्हीच ठरवा. मग बूम अर्धी उचलून पिनांच्या सांध्यांशी कान लावा.

बास्केटवरची पाटी वाचा. बऱ्याच बूम लिफ्टवर 227 किलो असा विचित्र आकडा असतो, म्हणजे सरळ 500 पौंड. आपल्याकडे त्यात दोन वेल्डर, एक हेल्पर, केबलचं भेंडोळं आणि तिघांचे डबे चढतात. डब्यांचं वजन कोणी धरत नाही.

हत्तीची चौकशी करणारेही भेटतात, म्हणून थोडं विषयांतर. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचे हत्ती एके काळी सागाचे ओंडके ओढायला होते. आज तिथे हत्ती कॅम्प आहे. या भागात उचलण्या-ओढण्याचं इतकं टिकाऊ साधन दुसरं आलं नाही, असं माझं मत. हिवाळ्यात त्यांच्या पायांना जडीबुटीचा शेक देतात, त्याला चोपिंग म्हणतात, आणि तेवढे दिवस त्यांना सुट्टी असते. तुमच्या मशीनला वर्षातून तेवढी तरी सर्व्हिसिंग मिळते का? सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा कसून तपासणी हा नियम 1948 च्या कारखाना कायद्यापासूनचा आहे. प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा सिरीयल नंबर मशीनशी जुळवा. पुष्कळदा तो शेजारच्या हायड्रा क्रेनचा निघतो.

हायड्राला लटकवलेल्या पाळण्यात माणूस चढवू नका. ती माल उचलायची क्रेन आहे.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात काम असेल तर तिथे वाघ-बिबटे फिरतात हे धरून चाला. वर गेलेला गडी निर्धास्त असतो. खाली सिग्नल देणारा झुडपाकडे पाठ करून, मान वर करून उभा असतो. त्याच्यासोबत दुसरा माणूस द्या, आणि त्याची हजेरी ‘अनावश्यक मनुष्यबळ’ म्हणून कापू नका.

सुरजागडच्या लोहखनिज खाणीकडे मशीन पाठवणार असाल तर विम्यात दंगल-जाळपोळीचं कलम आहे का ते वाचा. डिसेंबर 2016 मध्ये तिथे माओवाद्यांनी खनिजाचे डझनावारी ट्रक जाळले होते. त्यानंतर काळ बदलला. तरी कलम वाचाच.

एवढं सगळं वाचून मशीन भाड्यानेच घ्यावं असं वाटलं, तर उत्तम. फक्त कागदावर लिहून घ्या: डिझेल कोणाचं, ऑपरेटरचं जेवण कोणाचं, पावसाने बंद पडलेले दिवस कोणाच्या खात्यात. आणि नागपूरहून येणाऱ्या ट्रेलरचं परतीचं भाडं कोणाचं. तोंडी ठरवलंत तर चारही तुमचीच.