डावीकडे दीड

आमच्या इमारतीखालच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं एक यंत्र, एक ऑपरेटर मुलगी आणि एक काका आहेत. यंत्रं मालकाची, मुलगी पगारी. काका कोणाचे, हे मालकालाही सांगता येत नाही. सकाळी दहाच्या ठोक्याला ते येतात, प्रिंटरशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, एकला जेवायला घरी जातात आणि दोनला परत हजर. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक होते. कचेरी सुटली, वेळ सुटली नाही.

शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. पेन नाही. पेन बाळगणारा माणूस कागदात भर घालतो, काका कागदाची लायकी बघतात. प्रिंटरमधून तुमचा कागद निघाला की तो तुमच्या आधी त्यांच्या हाती पडतो. भाडेकरार असो, राजीनामा असो की बारशाचं आमंत्रण, त्यातलं एक अक्षरही ते वाचत नाहीत. अक्षरं जिथे नाहीत तिथे बघतात. मग पट्टी लावतात, चष्म्यावरून तुमच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "डावीकडे दीड हवा होता."

म्हणून ते समासकाका.

हा माणूस तुम्हालाही भेटलेला आहे. लहानपणी तो वहीच्या पानाला लाल पेन्सिलीने रेघ मारायला लावणाऱ्या बाईंच्या रूपात आला होता. पुढे विद्यापीठात तो गाईड झाला, चार वर्षांचं संशोधन दोन बोटांत धरून उलटसुलट केलं आणि 'बाइंडिंगला जागा कुठाय?' एवढाच मूलगामी प्रश्न विचारला. ऑफिसात तो हेडक्लार्क असतो. आमच्या नशिबी तो खुर्ची टाकून बसला आहे, इतकाच फरक.

काकांचा जन्म १९५५ चा. त्याच साली गोदरेजने पहिलं भारतीय टंकयंत्र बनवलं, आणि हा योगायोग आहे असं काकांना वाटत नाही. मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ४०, तिन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात. त्या यंत्रावर समासाचे दोन खटके असत, डावा आणि उजवा. ओळ संपत आली की घंटी वाजे. त्यापुढे पाच-सहा अक्षरांची सवलत, मग यंत्र अडून बसे. "आता कॉम्प्युटर आपोआप खालच्या ओळीत उडी मारतो," काका म्हणतात, "त्यामुळे कुठे थांबायचं हे माणसाला कळेनासं झालंय." हे वाक्य ते एकदा बोलू लागले की वीस मिनिटं बोलतात. काकूंचं म्हणणं, यांची घंटी निवृत्तीच्या दिवशी कचेरीतच राहिली.

मराठीवर त्यांचा एक राग आहे. पानाच्या कडेची कोरी जागाही समास, व्याकरणातला जोडशब्दही समास आणि दासबोधातलं प्रकरणही समास. तीन खात्यांना एकच कारकून! पण या टंचाईचा फायदा घ्यायलाही ते चुकत नाहीत. मागे एक जण चारी बाजूंना काठोकाठ भरलेला अर्ज घेऊन आला, तेव्हा काका म्हणाले, "अहो, रामदासांनी वीस दशकांत दोनशे समास लिहिले, तुम्हाला एका पानावर चार सोडवत नाहीत?" याच्या उलट, एका बी. एड. च्या मुलीला प्रकल्प चाळीस पानांचा करायचा होता आणि मजकूर होता बावीस पानांचा. तिने चारी बाजूंनी अशी काही जागा सोडली की मजकूर पानाच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला. काकांनी कागद उजेडात धरला. "हा मध्यमपदलोपी समास," ते म्हणाले. "कांदेपोह्यांतून 'घालून केलेले' गळतं, तसा यातून प्रकल्प गळालाय."

खरे पापी मात्र वेगळेच. स्पेसबारवाले. यांना समास वाढवायचा म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला स्पेसबार सात वेळा दाबायचा, एवढंच ठाऊक असतं. खाली जागा सोडायची तर एंटर, एंटर, एंटर. घरच्या कॉम्प्युटरवर ते पान देखणं दिसतं. दुकानात श्रीलिपीचा तो फॉन्ट नसला, किंवा कुणी अक्षर बारावरून चौदावर नेलं, की ओळी एकमेकींच्या अंगावर पडतात. असा कागद आला की काका खुर्चीतून उठतात, दाराशी जाऊन उभे राहतात आणि रस्त्यावरची रहदारी बघतात.

ऑपरेटर मुलगी त्यांची एकलव्य. नेमलेली नसताना शिष्या झाली. तिला आता वरच्या पट्टीत लेआउट, त्यात मार्जिन्स आणि यादीच्या तळाशी कस्टम मार्जिन्स हे डोळे मिटून सापडतं. सुरुवातीला काका तिला यादीतलं तयार काही निवडू देत नसत. नॉर्मल म्हणजे चारी बाजूंना एक इंच, नॅरो म्हणजे अर्धा. "तयार कपडे," ते नाक मुरडत. शिवाय वर्डवर त्यांचा जुना दावा आहे. २००३ च्या वर्डपर्यंत डावी-उजवीकडे आपोआप सव्वा इंच सुटत असे. २००७ च्या आवृत्तीपासून तो सरसकट एक इंच झाला. "सव्वा हा आपला आकडा. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वाच्या मापाचा, दक्षिणा सव्वा रुपया. मग हा पाव इंच खाल्ला कुणी?" अमेरिकेतली ती कंपनी अजून खुलासा देऊ शकलेली नाही.

कस्टम मार्जिन्सच्या खिडकीत 'गटर' नावाचं एक घर असतं. बाइंडिंगमध्ये जाणाऱ्या भागासाठी जास्तीची जागा सोडायची ती इथे. मुलीने पहिल्यांदा "काका, गटर किती ठेवू?" असं मोठ्याने विचारलं तेव्हा रांगेतले आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक दचकून मागे वळले. तिथे आधीपासून शून्य लिहिलेलं असतं, हे समजल्यावर ते बराच वेळ आदराने स्क्रीनकडे बघत होते.

आता मी माझी गोष्ट सांगतो, कारण सोसायटीचा सचिव म्हणून माझा काकांशी संबंध दर महिन्याला येतो. सभेचं इतिवृत्त एका पानात बसवायचं म्हणून मी एकदा नॅरो निवडलं आणि काकांची नजर चुकवून प्रिंट काढली. नजर चुकली नाही. "बसा," ते म्हणाले, आणि मग हिशेब मांडला. पंचिंग मशीनचं भोक सहा मिलिमीटरचं. त्याचा मध्य कागदाच्या कडेपासून बारा मिलिमीटरवर. म्हणजे भोक खातं नऊपासून पंधरापर्यंत. तुमचा मजकूर सुरू होतो अर्ध्या इंचावर, म्हणजे पावणेतेराच्या किंचित आधी. "भोकाने काय खायचं, उपास करायचा?"

यानंतर आली ती त्यांची पेटंट कथा. त्यांच्या ओळखीच्या एका सोसायटीने गच्चीवर मोबाईलचा टॉवर नको, असा ठराव केला. 'सदर प्रस्ताव सभेस' इथे ओळ संपली आणि पुढची ओळ 'अमान्य आहे' अशी सुरू झाली. समास अर्ध्या इंचाचा. पंच स्वस्तातला, दोन मिलिमीटर इकडचा तिकडे होणारा. कारकुनाने कागद फाईलला लावताना नेमका 'अ' गिळला. दोन वर्षांनी फाईल उघडली तेव्हा प्रस्ताव सभेस मान्य होता. "त्या गच्चीवर आज टॉवर आहे," काका आवाज खाली आणत म्हणाले. "आणि तो 'अ' पंचच्या तळातल्या कचऱ्यात गेला."

गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. पण आमच्या सोसायटीची इतिवृत्तं त्या दिवसापासून डावीकडे दीड सोडून छापली जातात, आणि 'अमान्य' हा शब्द मी ओळीच्या सुरुवातीला येऊच देत नाही.

एवढं असून काका हटवादी आहेत असं म्हणवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली, ते परिपत्रक कुणा वकिलाने त्यांना दाखवलं. डावीकडे आणि उजवीकडे चार-चार सेंटीमीटर, वर-खाली दोन-दोन. डावीकडचे चार वाचून काका सुखावले. उजवीकडचे चार वाचून अस्वस्थ झाले. एकवीस सेंटीमीटरच्या कागदात मजकुराला तेराच राहिले! रात्रभर विचार करून सकाळी दहाला आले आणि सगळ्या दुकानाला ऐकवलं: "पाठपोट छापायचं आहे ना, मग पान उलटल्यावर बाइंडिंगची बाजू उजवीकडे जाते. न्यायालय बरोबर आहे." न्यायालयाला हे कळवायचं तेवढं राहून गेलं.

त्यांना दोन मुलगे. थोरला नाशिकला, धाकटा न्यू जर्सीला. धाकट्याच्या शिक्षणावर जास्त खर्च झाला, असं थोरल्याचं म्हणणं. थोरल्याला नेहमी जवळ ठेवलं, असं धाकट्याचं. दोघं एकमेकांना फोन करत नाहीत, काकांना दोघंही करतात. धाकट्याने एकदा कसला तरी फॉर्म पाठवला. तो निघाला अमेरिकेतल्या लेटर मापाचा. ए-फोरवर छापल्यावर खाली जागा उरली आणि उजवी कड कापली गेली. काकांनी दोन्ही मापं पट्टीने तपासली. लेटर सहा मिलिमीटर रुंद, अठरा मिलिमीटर आखूड. "तिकडे गेल्यावर सगळंच असं होतं," ते म्हणाले. "रुंदी वाढते, लांबी घटते." मग फॉर्म नीट घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणाचे कागद तपासले नाहीत. एक जण नॅरोवर लग्नाचा बायोडेटा छापून निघून गेला, वर गणपती अर्धा कापलेला, तरी काका काही बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांनी मला खाली बोलावलं. "पाच मिनिटं या. साक्षीदार म्हणून सही हवी आहे." दुकानात दुसरे साक्षीदार, एक डॉक्टर, आधीच येऊन बसले होते. मृत्युपत्र होतं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, हे सगळं काकांनी मला कचेरीच्या सुरात समजावून सांगितलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही कुणी केली तेवढं बघायचं, हेही सांगितलं.

काकांनी आमच्यासमोर सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. डॉक्टरांनी केली. मग कागद माझ्याकडे आला. मजकूर मी वाचला नाही. पण इतक्या वर्षांच्या संगतीने नजर जिथे जायची तिथे गेलीच. डावीकडे एक इंच. उजवीकडे एक इंच. पट्टी लावायची गरज नव्हती.

मी बघतोय हे मुलीच्या लक्षात आलं. "मी विचारलं होतं काकांना," ती घाईघाईने म्हणाली. "डावीकडे दीड करू का म्हणून. फाईलला लावायचं तर..."

"फाईलला नाही लावायचं," काका म्हणाले आणि पट्टी खिशात सरकवली. "पाकिटात जाणार आहे ते."