नानांची बाटली

बोरी बुद्रुकच्या माणसाला मोकळ्या हातानं घराबाहेर पडणं जमत नाही. आळेफाट्याला दात काढायला निघाला तरी डॉक्टरसाठी पिशवीत मेथीच्या दोन जुड्या असतात. आमच्याकडं वाडीगणिक असा एक तरी नाना सापडतो. आमच्या घरचे नाना त्यातले अव्वल.

नाना हॉटेलात चहा मागवतात आणि चहा येईपर्यंत पिशवीतून भाकरी, ठेचा आणि कांदा टेबलावर मांडतात. भिंतीवर ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी पाटी असते. नाना ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचतात आणि मान डोलावतात. "बरोबर लिहिलंय. बाहेरचं खाऊच नये. हे घरचं हाय."

ह्या खोडीला इतिहास आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावाशेजारी कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे 74,000 वर्षांपूर्वीची, असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्या वयावरून त्यांच्यात अजून वाद आहे. नानांना वादात रस नाही. "सुमात्र्याहून राख आली तवा तिला कुणी पाटी दाखवली का? आन तो आदिमानव. हत्यार घरनंच घेऊन निघाला आसंल की."

असे हे नाना माझ्याकडं अमेरिकेत आले, न्यू जर्सीतल्या एडिसनला. इथल्या ओक ट्री रोडवर बेसनापासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळतं, हे मी फोनवर चारदा सांगितलं होतं. तरी तेवीस किलोच्या बॅगेत कपडे चार किलोचे आणि बाकी तीळ, खोबरं, मसाला. शिवाय दोन स्टीलचे डबे. "डबे कशाला, नाना? इथं मिळतात." "मिळत्यात. पण ते आपले नसत्यात."

एका शनिवारी मी म्हणालो, "नाना, आज इटालियन हॉटेलात जाऊ. जवळच आहे. बाटली मात्र आपली आपण न्यायची."

नाना ताडकन उठून बसले. "काय म्हणालास?"

मी समजावून सांगितलं. ह्या राज्यात हॉटेलाला दारूचा परवाना मिळणं अवघड. गावात दर 3000 लोकवस्तीमागं एकच परवाना, म्हणून त्याचा भाव लाखो डॉलरमध्ये जातो. मग छोटी हॉटेलं परवान्याच्या भानगडीत पडत नाहीत. वाइन किंवा बिअर गिऱ्हाइकानं आणायची, ग्लास ते देतात.

"गिलासाचं काय घेत्यात?"

"काही नाही. बाटली उघडून दिल्याचे पैसे घ्यायला कायद्यानंच बंदी आहे."

नानांनी हात जोडले. कुणाला ते कळलं नाही, बहुधा कायद्याला. सत्तर वर्षं ज्या तत्त्वापायी हॉटेलवाल्यांची बोलणी खाल्ली, ते इथं सरकारनं लिहून ठेवलं होतं.

आता नाना माळकरी. द्राक्षबाग लावून जन्म गेला, पण द्राक्षाचं पुढं काय होतं ह्याची चौकशी नाही. 1980च्या दशकात नारायणगावला फेसाळत्या वाइनचा कारखाना आला, तो त्यांनी रस्त्यावरूनच पाहिला. त्यामुळं संध्याकाळी ते बगलेत बाटली मारून तयार दिसले तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. बाटली माझीच, गेल्या महिन्यात रिकामी झालेली. धुऊन, पुसून, आत काहीतरी भरून बूच ठोकलेलं.

"मठ्ठा हाय," नाना म्हणाले. "बाटली न्यायचा रिवाज हाय ना? मग मोडायचा कशाला?"

हॉटेल बारा-पंधरा टेबलांचं. वेटरनं माझी बाटली घेतली. नानांनी तिच्यावरचं लेबल आधीच तपासलं होतं. "2019? इतका जुना माल? आन भाव उतरत न्हाई?" मी म्हणालो, चढतो. नाना गप्प झाले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे अवकाळी, आणि माल तोडल्यावर दोन दिवस ट्रक आला नाही तर घड सुकून हाती येणारा भाव, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं.

मग वेटर नानांच्या बाटलीकडं वळला. खालमानेनं, पांढऱ्या रुमालात गुंडाळून त्यानं बूच ओढलं. एडिसनच्या उन्हाळ्यात मठ्ठा चांगलाच तापला होता. फस्स असा आवाज झाला. शेजारच्या टेबलावरची बाई कौतुकानं वळली. वेटर डगमगला नाही. रिवाजाप्रमाणं त्यानं ग्लासात घोटभर ओतून नानांपुढं धरला आणि चव घेऊन सांगावं म्हणून थांबला. नानांनी घोट घोळवला, छताकडं पाहिलं आणि निकाल दिला, "मीठ कमी हाय."

मी भाषांतर केलं. वेटरनं मीठ आणून दिलं.

मेन्यूत जिकडंतिकडं टोमॅटो. मरिनारा म्हणजे काय, तर टोमॅटो-लसणाचा रस्सा. एवढ्याशा वाटीचे नऊ डॉलर वाचून नानांनी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. 2023च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटला 2000 रुपयांच्या वर भाव गेला होता, आणि मंदीत त्याच बाजारात तोडणीची मजुरीही सुटत नाही. "तेजीतसुद्धा आमच्याकडं सात-आठशे रुपयांत सात-आठ किलो टमाटे पडत्यात," नाना म्हणाले. "हितं दोन. बाकीचे पैसे कुठं जात्यात?"

पास्ता आला आणि त्याच्या शेजारी पिशवीतला स्टीलचा डबाही आला. आत मासवडी. मी घाबरलो. सवलत बाटलीला होती, डब्याला नव्हती. मालक स्वतःच आला. हे काय, म्हणाला. मी सांगितलं, नाव मासवडी, पण मासा नाही. बेसनाच्या वळकटीत तीळ, खोबरं, कांदा, लसूण. मासा नाही तर नाव असं का, त्यानं विचारलं.

नानांनी माझ्या ताटलीतल्या बारीक शेवयांकडं बोट केलं. "ह्याला काय म्हणत्यात?"

"एंजल हेअर. देवदूताचे केस."

"केस हायती का त्यात?"

मालकाला उत्तर पोचलं. त्यानं एक वडी तोंडात टाकली, मग दुसरी. तिसरी आत बायकोला नेऊन दिली. बाकीच्या नानांनी शेजारच्या टेबलांवर फिरवल्या.

निघताना उरलेला पास्ता आणि पाव बांधून देऊ का, असं वेटरनं विचारलं. कागदी खोका आणायच्या आत नानांनी आपला रिकामा डबा त्याच्या हातात दिला. तो आत गेला आणि डबा भरून घेऊन आला.

मी बिल भरत होतो. त्यात तो पास्ताही होता आणि पावही.

नानांनी झाकण उघडून पाहिलं, परत लावलं आणि डबा पिशवीत ठेवला. "बघितलंस?" ते म्हणाले. "रिकामा डबा परत देत न्हाईत. चांगल्या घरची माणसं हायती."

मी बिल घडी करून खिशात घातलं.