सेवानिवृत्ताच्या उत्स्फूर्त प्रवासाची कार्यपद्धती

उत्स्फूर्त प्रवास म्हणजे पूर्वनियोजनाशिवाय, केवळ मनात आले म्हणून केलेले प्रयाण, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. परंतु ज्या व्यक्तीने तीसेक वर्षे ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ हाती पडल्याशिवाय तालुक्याची हद्द ओलांडली नाही, तिच्या मनात असे काही आपोआप येईल ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि म्हणूनच उत्स्फूर्ततेलाही रीतसर कार्यपद्धती लागते. प्रस्तुत विवेचन बुलढाणा जिल्ह्यापुरते मर्यादित असून इतर जिल्ह्यांतील निवृत्तांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर लागू करावे.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीवय 58 वर्षे आहे, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीस्करपणे 1 जून ही जन्मतारीख बहाल केलेल्या पिढीत निवृत्तांची मोठी तुकडी 31 मे रोजी एकदमच कार्यमुक्त होते. अर्थात स्वातंत्र्य मिळते ते वऱ्हाडी उन्हाच्या ऐन भरात, जेव्हा डोक्याला दुपट्टा व खिशात कांदा असल्याखेरीज शहाणा माणूस बसस्थानकापर्यंतही जात नाही. सबब पहिली उत्स्फूर्त ऊर्मी मृग बरसेपर्यंत प्रलंबित ठेवणे इष्ट.

दुसरा प्रश्न वाहनाचा. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके मुंबई–हावडा लोहमार्गावर आहेत, जिल्ह्याचे मुख्यालय मात्र रुळांपासून अलिप्त राहिले आहे. शिवाय ज्येष्ठांची रेल्वेभाड्यातील सवलत मार्च 2020 मध्ये थांबली. आगाऊ आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आल्यामुळे उत्स्फूर्ततेला लागणारा कालावधी निम्मा झाला, ही जमेची बाजू म्हणावी लागेल. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो खरा, पण तेथे दुचाकीला बंदी असल्याने निवृत्तीच्या रकमेतून घेतलेल्या स्कूटरचा उपयोग नाही. राहता राहिली एसटी, आणि आत्मविश्वासाचा, म्हणजे तिकिटाकडे न पाहता चढण्याच्या सामर्थ्याचा, खरा उगम तिच्यातच आहे. वयाच्या 65व्या वर्षापासून अर्धे तिकीट आणि 2022 साली आलेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेनुसार पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास, अशी ही चढती श्रेणी आहे. महिलांना 17 मार्च 2023 पासून कोणत्याही वयात निम्मे भाडे पडत असल्याने 58 ते 65 या कालखंडात एकाच बाकावर बसलेल्या दांपत्यातील पतीच तेवढा पूर्ण भाड्याचा प्रवासी ठरतो, आणि ही गोष्ट पत्नी वाहकासमोर पुन्हा पुन्हा बोलून दाखवते. मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच असल्यामुळे जळगाव जामोदहून बऱ्हाणपूरच्या दिशेने निघालेल्या पंचाहत्तरीपारच्या मुशाफिराने आपली ऊर्मी सीमेवर आवरावी किंवा सुटे पैसे काढावेत.

तथापि खरा अडथळा भाडे नव्हे, गुडघेही नव्हेत. तो हितचिंतकांचा आहे. हितचिंतक म्हणजे प्रवासाला स्वतः न येता त्याची चिंता वाहणारी व्यक्ती, आणि बुलढाण्याच्या निवृत्ताच्या बाबतीत ती बहुधा पुण्यात नोकरीला असते. या संदर्भात टिपेश्वर अभयारण्यातून 2019 मध्ये निघून मराठवाडा व तेलंगणाच्या मुलखातून सुमारे 3,000 किलोमीटर भटकत ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्कामाला आलेल्या ‘वॉकर’ वाघाचा दाखला उद्बोधक आहे: त्याने कोणाची संमती घेतली नाही, पण गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याचा मार्ग कचेरीत बसलेल्यांना दिसत होता. मोबाईलमधील ‘लोकेशन’ चालू ठेवून घराबाहेर पडलेल्या निवृत्ताची स्थिती याहून निराळी नसते. फरक इतकाच की वाघाला कोणी फोन करून गोळ्या घेतल्या का असे विचारले नाही.

यावर जिल्ह्यानेच एक तोडगा पुरवला आहे. ‘शेगावला जाऊन येतो’ या विधानाला कोणताही हितचिंतक हरकत घेऊ शकत नाही. गजानन महाराजांच्या दर्शनापुढे रक्तदाब, पाऊस आणि नातवाची परीक्षा ही सर्व कारणे निष्प्रभ होतात, आणि तेथे भक्तनिवास व महाप्रसाद असल्याने मुक्कामाचा व जेवणाचा प्रश्नही कोणी काढत नाही. परिणामी मेहकरच्या बालाजीला, सिंदखेडराजाच्या वाड्यात किंवा नुसतेच बोथ्याच्या घाटातून खामगावपर्यंत जाऊन परतणारे अनेक प्रवास घरच्या दफ्तरी शेगाव म्हणून नोंदवले जात असावेत. पुरावा म्हणून कचोरी आणावी लागते, पण ‘शेगाव कचोरी’ची पाटी शेगावाबाहेरही ठिकठिकाणी आढळत असल्याने ही अडचण किरकोळ आहे. दिशेचे भान मात्र हवे: शेगाव उत्तरेला आणि लोणार दक्षिणेला असल्याने मेहकरच्या फलाटावर ओळखीचा माणूस भेटल्यास ‘गाडी चुकली’ एवढेच सांगून विषय बदलावा.

लोणारची शिफारस विशेष आग्रहाने करावी लागते. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर निवृत्तांना आपलेसे वाटण्याचे कारण असे की त्याचेही वय कागदोपत्री निश्चित नाही. एका मापनात ते सुमारे पन्नास हजार वर्षांचे भरते, तर दुसऱ्यात पाच लाखांहून अधिक, आणि त्याच्या वेळी 1 जून लिहिणारे गुरुजी उपलब्ध नव्हते. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी कोणतीही पूर्वसूचना न देता गुलाबी झाले होते, यास उत्स्फूर्ततेचा आदर्श नमुना मानण्यास प्रत्यवाय नसावा.

नोव्हेंबर महिन्यात जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. हयातीचा दाखला, म्हणजे निवृत्तिवेतनधारक अद्याप जिवंत असल्याची शासनाला पटेल अशी खातरजमा, याच महिन्यात द्यावा लागतो, आणि ‘जीवन प्रमाण’ पद्धतीत तो आता मोबाईलला चेहरा दाखवूनही देता येतो. लोणारला गेल्यास हे काम काठावर, उतरण्यापूर्वी उरकावे. विवर चढून वर आलेल्या चेहऱ्यावरून हयातीचा निष्कर्ष काढणे यंत्राला जड जाण्याचा संभव आहे.