पीजीवाले भाऊ

बुलढाणा जिल्ह्यात प्लॉटच्या धंद्याला शिक्षण लागत नाही, हे पानटपरीपासून पतसंस्थेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. डिक्कीत लेआउटचा नकाशा, खिशात इसारपावतीचं कोरं बुक आणि जिभेवर ‘इथूनच रोड जाऊन रायला’ एवढं भांडवल पुरतं. अशा मुलखात नोकरी सांभाळून रिअल इस्टेटचा पदव्युत्तर डिप्लोमा करायला बसणारा माणूस म्हणजे पीजीवाले भाऊ.

भाऊ बहुधा सरकारी बाबू. चिखलीहून बुलढाण्याला रोज अपडाऊन. शिकायला खात्याची परवानगी हवी म्हणून त्यांनी रीतसर अर्ज दिला. आस्थापनेचं टेबल त्यांच्याचकडे, त्यामुळे अर्ज फिरून त्यांच्याचपुढे आला. भाऊंनी त्यात दोन त्रुटी काढून तो परत पाठवला. सवय, दुसरं काय!

रात्री जेवणं झाली की ऑनलाइन क्लास. पुण्याचे सर काचेच्या ऑफिस-इमारतींचा भाडेपरतावा समजावत असतात आणि भाऊंच्या मागं सोयाबीनची पोती दिसत असतात. सरांना ते गोडाऊन वाटतं. ते कौतुकानं ‘वेअरहाउसिंगमध्ये आहात का?’ विचारतात. भाऊ नाही म्हणत नाहीत.

शिकलेलं मात्र अंगात भिनतं. जागेचा सर्वोत्तम वापर कोणता, हा धडा झाल्यापासून अंगणातला शेवगा त्यांच्या डोळ्यांत सलतो. (वहिनींनी ‘हात तर लावून पाहा’ म्हटल्यानं तो अजून उभा आहे.) शेगावला दर्शनबारीत उभे राहिले तरी ओठ हलतात ते नामस्मरणानं नाही, तासाला किती माणसं पुढं सरकतात ते मोजण्यानं. आणि पाहुण्यांना लोणार दाखवायला नेलं की भाऊ कठड्याशी थांबून हळहळतात : उल्केनं बिनपरवाना केलेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खोदकाम, आणि एवढ्या जागेवर बांधकामाला वाव शून्य! त्यात २०२० मध्ये सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

गावाला मात्र त्यांच्या ज्ञानाचा त्रास होतो. एखाद्यानं हौसेनं प्लॉट दाखवावा, तर भाऊंचा पहिला प्रश्न : ‘एनए आहे का?’ दुसरा : ‘रेराचा नंबर?’ लेआउट पाचशे चौरस मीटरच्या वर आणि प्लॉट आठांहून जास्त असले तर नोंदणी लागते, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून हा कायदा आहे, असं सगळं ते रस्त्यातच सांगतात. पेढ्याचा पुडा तोवर पिशवीत परत जातो. एका दलालाला त्यांनी एजंटासाठीही आता प्रशिक्षण आणि परीक्षा असते, असं समजावलं. तो म्हणाला, ‘भाऊ, परीक्षा पास होता आली असती तं मीही तुमच्यासारखा पगारावर राह्यलो असतो.’

यावर पुस्तकात उत्तर नाही. थापांवरही नाही. खामगाव-जालना रेल्वे येणार म्हणून इथं पिढ्यान्‌पिढ्या भाव सांगितले गेले. रेल्वे कागदावर धावली, भाव खरोखर धावले. समृद्धी महामार्ग मात्र खरंच आला, २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि मेहकर, सिंदखेड राजाकडे थापा मारणारेही द्रष्टे ठरले. ‘मागणी आणि पुरवठा’ या प्रकरणात थाप कुठं बसवायची, हे भाऊंनी सरांना विचारलंही. सर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही.

शेवटी प्रोजेक्ट आला : एका जमिनीचं मूल्यांकन करा. भाऊंनी बाबांचंच वावर घेतलं. एकरी सहा क्विंटल सोयाबीन, साडेचार हजारांचा भाव, त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी वजा. उरले दहा हजार. पाच टक्के दरानं भांडवली किंमत काढली : एकरी दोन लाख. पद्धत बिनचूक, सहीसाठी कागद बाबांपुढं.

बाबांनी चष्मा लावून आकडा वाचला. मग म्हणाले, ‘बापू, या भावानं मिळत असंल तं शेजारच्याचं दहा एकर माह्यासाठी घेऊन टाक. पैसे मी देतो.’

भाऊंनी प्रोजेक्टमध्ये ‘स्थानिक घटक’ असं एक जादा प्रकरण घातलं आहे. त्यासाठी ते सध्या त्याच दलालाकडे बसतात, वही घेऊन.