शेठजींची हिरवळ, अक्कांचा तरवड

"वहिनी, बघितलं का? कोपऱ्यावरच्या शेठजींच्या गच्चीवर गवत चढवालेत. गुंडाळी करून, सतरंजीगत!"

परसातल्या भिंतीवर कोपर टेकून अक्कांनी बातमी फोडली. नवी पेठेत दुकानांच्या मागच्या बोळात घरं इतकी खेटून की सकाळी उजेडाआधी शेजारीण दिसते. आमच्या मधली भिंत कमरेएवढी. अलीकडे माझा कढीपत्ता, पलीकडे अक्कांचे तेलाचे जुने डबे, त्यांत जे उगवेल ते.

"विकतचं गवत?"

"मग! आणि पाम, आणि ते कोनोकार्पस का काय, त्याची रांग. लँडस्केपिंग म्हणतात म्हणे. माणूस पुण्याहून आलाय."

"अहो अक्का, त्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारनं 2023 मध्ये बंदी घातली. मुळं पार ड्रेनेजच्या पाइपात शिरतात."

"अगं बाई! आणि ड्रेनेज तर आपलं एकच की ओ." अक्कांचा आवाज एकदम खाली आला. "आणि पाणी? नळ चार-पाच दिवसांआड. त्या गवताला उन्हाळ्यात रोज पाजावं लागतंय."

"बोअर मारलाय त्यांनी."

"म्हणजे आपलं बोअर आटलं म्हणून समजा."

मेमध्ये चाळिशीच्या वर गेलेला पारा ज्या गावात खाली यायला तयार नसतो, तिथं हिरवळ ही श्रीमंतीच म्हणायची. त्यात मुनियेलाही बी मिळणार नाही. गवत बी धरायच्या आत मशीन फिरतं.

"तुमच्या कढीपत्त्याला बी अळ्या लागल्यात हां," अक्कांनी मोर्चा माझ्याकडं वळवला. "फवारा मारा."

"नाही मारणार. या इकडं, बघा." पानावर पाखराची शीट पडावी तशी काळी-पांढरी अळी होती. तीच कात टाकत हिरवीगार, बोटाएवढी होते. शेजारच्या फांदीवर तशी एक होतीच. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर आलं नि असा उग्र वास सुटला की अक्कांनी पदर नाकाला लावला.

"शी! हे पाळालेत तुम्ही?"

"याचंच काळं फुलपाखरू होतं, तुमच्या सदाफुलीवर येतं ते. याच्या पोराबाळांना लिंबू, बेल, कढीपत्ता असलंच काही लागतं. तुमची सदाफुली नाही चालत. पानं कुरतडलेली चालत नसतील तर फुलपाखरंही मागू नयेत."

अक्कांना पटलं की नाही कोण जाणे, पण काडी त्यांनी माझ्या हातातून घेतली नि स्वतः एकदा डिवचून बघितलं.

मग आवाज बदलला. "आम्हाला बतुकम्माच्या सणाला फुलं रचायला तंगेडू लागतंय बघा. तुमचा तरवड. पूर्वी होटगी रोडला माळावर मोप असायचं. आमच्या सासूबाई पदर भरून आणायच्या. आता तिथं प्लॉट पडलेत. गेल्या वर्षी बाजारातला झेंडूच रचला. तंगेडू नाही तर कसली बतुकम्मा!"

तेलंगणानं तरवडाला राज्यफूल केलंय आणि आमच्या रोपवाटिकेत मागितला तर पोरगा म्हणतो, "ते जंगली ना, मावशी?" आमच्या माळाचं दुर्दैव हेच. झाडी नाही म्हणजे काही नाही, असं सगळ्यांनाच वाटतं. आमच्या गावाजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला उघडा गवताळ माळ लागतो, आणि तिथल्या माळावर लावली काय, तर उंदीरमारी! मेक्सिकोकडची, झटपट वाढणारी. हिरवं दिसलं, लोक खूश. ज्याच्यासाठी माळ राखला तो पक्षी आता दिसला तर पेपरात बातमी येते.

"अक्का, डब्यात लावा की तरवड. माळावरचं झाड उपटून आणू नका, जगत नाही. चपट्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या की बी काढायचं. कवच टणक असतं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, आणि मृगाच्या पावसात टोचायचं. एकदा मूळ धरलं की तुमच्या नळाची वाट बघत नाही ते."

"फुलं कधी?"

"यंदाच्या बतुकम्माला नाही सांगता येत. पण लागली की पिवळंधमक. आणि त्याच्यावर पिवळी फुलपाखरं येतील, पानं खायला त्यांच्या अळ्या पण."

"येऊ देत. शिंगवाल्या नसल्या म्हंजे झालं." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "डबा लहान पडंल का ओ?"

"पडेलच. मोठी कुंडी हवी."

अक्कांनी मान लांब करून शेठजींच्या गच्चीकडं पाहिलं. निळ्या-पांढऱ्या, चिनी मातीच्या हातभर उंच कुंड्यांत पाम उभे होते.

"एप्रिलपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "पाम जळाले की त्या कुंड्या बोळातच येऊन पडतील. शेठाणीबाईंना आजच सांगून ठेवते."