धावता चाकरमानी

मालवणात पूर्वी चाकरमान्यांचे दोनच प्रकार होते: गणपतीला येणारा आणि मे महिन्यात आंब्याला येणारा. आंगणेवाडीच्या जत्रेला दिसतो तो यांच्यातलाच, फक्त रजा जास्त शिल्लक असलेला. गेल्या काही वर्षांत तिसरा प्रकार उगवला आहे. हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते आणि त्याआधीच्या लांब पल्ल्याच्या धावा गावच्या हवेत काढायच्या असं त्याचं ठरलेलं असतं. आईने सांगितलेली औषधं मुंबईत राहतात, पण बुटांचे दोन जोड न चुकता येतात.

पहाटे साडेपाचला तो भरडावर उभा असतो. पोपटी बनियन, गुडघ्यापर्यंत पोचायचा नाद सोडलेली चड्डी, कमरेला इवल्या इवल्या बाटल्यांचा पट्टा आणि मनगटावर वेळ सोडून बाकी सगळं सांगणारं घड्याळ. त्या घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत हा हात वर करून थांबतो. दुधाच्या टेम्पोवाल्याला वाटतं आपल्यालाच हात केला, म्हणून तो बिचारा ब्रेक मारतो.

पळणारा माणूस मालवणला नवा नाही. पण पळण्याला कारण लागतं. एस्टी सुटते आहे, कुणाला बरं नाही, नाहीतर होडी किनाऱ्याला लागली आणि मासळीचा लिलाव सुरू झाला. यातलं काहीच नसताना कोणी पळत असेल तर चौकशी करणं हा शेजारधर्म आहे. वायरीच्या एका काकींनी तो पाळला.

"काय झाला रे? कोणाक बरा नाय?"

"नाय काकी, धावतंय."

"ता दिसता माका. पण खंय?"

"खंय नाय. देवबागाक जावन परत हयच येतलंय."

"मगे गेलंस कित्याक?"

यावर त्याच्याकडे हार्ट रेट, फॅट आणि 'मी टाइम' असं तीन कलमी उत्तर होतं. काकींनी ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळी त्याच्या आईला भेटून झील कसल्यातरी काळजीत असल्याचं हळूच सांगितलं.

देवबागचा रस्ता त्याचा लाडका. भरडावरून निघायचं, वायरी आणि तारकर्ली करत कर्ली नदी समुद्राला मिळते तिथवर जायचं आणि मागे फिरायचं. साधारण हाफ मॅरेथॉन भरते, वर थोडं उरतं. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांखालून जाणारा एकच रस्ता. वाट चुकायची सोय नाही. पण विनाथांबा धावायचीही सोय नाही, कारण तारकर्ली लागली की स्कूटरवरून पोरगे बाजूने चालायला लागतात. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात लॅमिनेशन केलेला फोटो, त्यात पाण्याखाली अंगठा वर करून हसणारं एक कुटुंब. "साहेब, स्कूबा? डॉल्फिन? त्सुनामी आयलंड?" हा धापा टाकत मान हलवतो. "साहेब, रूम तरी?" मान हलते. "एसी नको तर नॉन-एसी देतो." मी गावचाच आहे हे सांगायला दम उरलेला नसतो आणि सांगितलं तरी त्या चड्डीकडे बघून कोण विश्वास ठेवणार?

चढाच्या सरावाला कुंभारमाठची घाटी. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ आहे, त्याची ही रंगीत तालीम. इथे त्याचा शत्रू म्हणजे कुडाळची पहिली एस्टी. ड्रायव्हर गाडी त्याच्या चालीवर आणून कळवळ्याने म्हणतो, "चढ रे, तिकीट रवांदे." खिडकीतली बायामाणसं हळहळतात. पेडर रोडवर त्याला टाळ्या मिळतात, इथे दया मिळते. दयेने पाय जास्त जड होतात असं माझं निरीक्षण आहे.

कोळंबच्या पुलावरून सर्जेकोटला जायचा रस्ता देखणा, खाडीवर सकाळचं धुकं वगैरे. पण त्याच्या कोचने नाकाने खोल श्वास घ्यायला सांगितलेलं असतं आणि सर्जेकोटला मासळी सुकत घातलेली असते. कोच बेंगळुरूचा. त्याला काय कल्पना!

खरी गंमत चिवल्याच्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर. वाळूत धावलं की पोटऱ्या घडतात हे कोचचं म्हणणं खरंच आहे. पण कोचच्या तक्त्यात लिहिलेलं असतं 'मंगळवार, सकाळी सहा, बीच रन', आणि समुद्राला मंगळवार कळत नाही. समुद्राला तिथी कळते. इथल्या माणसाचा हिशेब साधा: तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी व्हायची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पहाटे ओहोटी असते, वाळू ओली आणि घट्ट, धावायला झकास. अष्टमीला मात्र त्याच वेळी ती पाण्याखाली आणि वर उरते ती घोट्यापर्यंत पाय गिळणारी भुसभुशीत वाळू.

"आज अष्टमी," जाळं निवडत बसलेला आजोबा मान वर न करता म्हणाला. "आठाचे पाऊणपट सहा. सहाक भरती पुरी. तू काय पाण्यातसून धावतलंस?"

याने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाने आर्द्रता सांगितली. 'कालनिर्णय' काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, त्यांनी उभारलेलं जय गणेश मंदिर मेढ्यात, याच्या रोजच्या वाटेवर. देवळाला हा धावता नमस्कारही करतो. पण घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं सुचत नाही.

तसा तो माहितीचा पक्का. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरचीच का, तर 1908 च्या लंडन ऑलिंपिकला ती राजाच्या विंडसर किल्ल्यापासून धावले म्हणून, हे तो चहाच्या टपरीवर समजावून सांगतो. मग सिंधुदुर्गाकडे बोट दाखवतो. 1664 साली महाराजांनी पायाचा दगड बसवलेला किल्ला, तट सुमारे तीन किलोमीटर. सात फेऱ्या मारल्या की झाली हाफ मॅरेथॉन. "सात फेरे?" टपरीवाला विचारतो. "वडाक सूत गुंडाळूचा हा काय?"

परवा दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन दोर, प्रत्येकाला माणसांची रांग, जाळं अजून दूर पाण्यात. हा बाजूने सटकत होता. एका म्हाताऱ्याने दोर न सोडता हाक मारली, "मगे धाव. आधी हात लाव." नाही कसं म्हणणार? लावला. दहा पावलं मागे जायचं, रांगेच्या शेवटी दोर सोडायचा, पुन्हा पाण्याशी येऊन धरायचा. पाचव्या खेपेला तळहात सोलवटले. घड्याळ कमालीचं घाबरलं, हार्ट रेट लाल पट्ट्यात गेल्याचं कंप पावत सांगू लागलं. शेजारी सत्तरीचा गडी विडी ओठांत धरून ओढत होता. "वड मेल्या," तो म्हणाला, "घड्याळ काय बघतंस? हाफिस हा काय हय?"

जाळं आलं. ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, ही रापणीची रीत. याच्या वाट्याला पाच बांगडे आले. पिशवी नाही. शेवटी बाटल्यांच्या पट्ट्यातून बाटल्या काढून हातात घेतल्या आणि त्या जागी एकेक बांगडा उभा खोचून स्वारी घराकडे निघाली. शेपट्या बाहेर, डुलत्या.

बाजारपेठेच्या तोंडाशी पहिला कुत्रा उठला. मग दुसरा. मग कुठून कुठून आले ते सांगता येणार नाही, पण सगळे आले. त्या दिवशीच्या धावेची नोंद स्ट्राव्हावर आहे: एक किलोमीटरची त्याची आजवरची सर्वोत्तम वेळ. खाली मुंबईच्या ग्रुपने विचारलं आहे, कोणता ट्रेनिंग प्लॅन? घरी पोचले ते बांगडे तीन.